हौदातली नाव

पोलादपूर,
२५ मार्च २००८

प्रिय इरा,

'प्रिय' हा शब्द सवयीनं पडला आहे, त्यातून वेगळा अर्थ काढत बसू नकोस. पन्नास वर्षं तुला हाच मायना लिहीत आले. आता तू माझी विहीण झालीस म्हणून नवा मायना शोधायचा मला कंटाळा आहे. तुझं पत्र शनिवारी मिळालं. पोलादपूरच्या तहसील कचेरीत मी चौतीस वर्षं काढली, शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून, त्यामुळे कारणे दाखवा नोटीस कशी असते ते मला चांगलं ठाऊक आहे. पण मी लिहिलेल्या एकाही नोटिशीत इतका कोरडेपणा नव्हता. 'सईला पाडव्यापर्यंत धडधाकट करून पाठव. सून म्हणून घरात वावरणार असेल तर घर तिचंच आहे. नुसतं निजून राहायचं असेल, तर रुचिरला वेगळा विचार करावा लागेल.' धडधाकट करून पाठव! जणू माझ्या लेकीला नाही, तुझ्या शिलाई मशीनला दुरुस्तीसाठी माझ्याकडे टाकलं आहेस. पाडव्याला बारा दिवस उरलेत. दीड वर्षात जे डॉक्टरांना जमलं नाही ते बारा दिवसांत कसं करायचं, तेही लिहायला हवं होतंस.

तुझा मुद्दा असा की त्या वर्षी चिकुनगुन्या सगळ्यांनाच झाला. सईनंतर तुला झाला, तुझ्या ह्यांना झाला, समोरच्या कापडवाल्याला झाला आणि 'जो तो आठ दिवसांत आपापल्या कामाला लागला.' सई मात्र ते दुखणं 'कुरवाळत बसली आहे'. पहिल्या होळीला चाळीस पुरणपोळ्या लाटणारी मुलगी आता लाटणं हातात धरत नाही, म्हणजे तिच्या मनातच नाही, हा तुझा निष्कर्ष. तुला ताप आला तेव्हा तू साठीची होतीस आणि तुझ्या पोटात मूल नव्हतं, एवढा बारीकसा फरक तुझ्या नजरेतून सुटला. हा परिच्छेद मी श्रीधरला मोठ्यानं वाचून दाखवत होते. तो म्हणाला, "विनू, हळू. ती आत जागी आहे." मी थांबले, पण तोवर उशीर झाला होता. जेवताना सईनं स्वतःच विचारलं, "इरामावशीनं चाळीसच लिहिलंय ना? बेचाळीस होत्या. दोन मी उभ्या उभ्या खाल्ल्या." आणि हसली. तुझं पत्र ऐकून हसणारी ती या घरातली एकटीच.

तू तिची सकाळ कधी धड पाहिली नाहीस, म्हणून सांगते. जाग आल्यावर सई बराच वेळ नुसती छताकडे बघत पडते, कारण आज कुठे दुखणार हे अजून कळलेलं नसतं. मनगटं कणकेच्या गोळ्यासारखी फुगलेली, बोटांच्या पेरांवर लाली, हात लावला तर गरम. पहिली दहा पावलं भिंत धरून. नळ पिळता येत नाही म्हणून दोन्ही तळव्यांत दाबून फिरवते. सत्तावीस वर्षांच्या मुलीची वेणी मी घालते. पोरीच्या झबल्याला नाड्या होत्या त्या सगळ्या काढून मी चटपटीची बटणं लावली. हे निदान डोळ्यांना दिसतं. थकवा तर दिसतही नाही. अंघोळ करून आली की आंबेनळी घाट पायी चढून आल्यासारखी खाली बसते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडते. विसरते म्हणून नाही, पुढचे चार शब्द बोलायला जोर राहत नाही म्हणून. आणि तुझी नात! नीला सकाळी उठली की आईकडे हात पसरत नाही. श्रीधरआजोबांकडे पसरते. पडवीच्या दुसऱ्या खांबापर्यंत ऊन आलं की मग तुरुतुरु सईकडे जाते आणि तिच्या मांडीवर चढते. तिला हे कोणी शिकवलं नाही. आईचे हात किती वाजता उघडतात ते त्या सोळा महिन्यांच्या पोरीनं आपलं आपण हेरलं. बासष्टाव्या वर्षी तुला ते हेरता आलं नाही.

सुरुवात कशी झाली ते तू विसरली असशील, किंवा विसरणं सोयीचं असेल. सातव्या महिन्यात सई पंधरा दिवस माझ्याकडे राहून हरतालिकेला तुमच्याकडे महाडला परतली. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे गणपती बसला. तिसऱ्या दिवशी आरतीला उभी असताना तिला हुडहुडी भरली आणि हातातली घंटा खाली पडली. एकशेतीन ताप, अंगभर पुरळ, गुडघे, घोटे, मनगटं सगळी एकदम धरली. डॉक्टर म्हणाले, अशा दिवसांत जोराची औषधं देता येत नाहीत, तापाची साधी गोळी घ्या आणि सोसा. तिनं सोसलं. कुशीवर वळायला तिला दोन माणसं लागत होती आणि पोटातली पोर आत लाथा मारत होती. त्या वेळी घरात गौरी असताना तू सोवळं बाजूला टाकून तिच्या उशाशी बसलीस, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्यास, तिला चमच्यानं पेज भरवलीस. हे मला रुचिरनं सांगितलं आणि मी ते नाकारत नाही. मग ती बाई कुठे गेली, इरा? हे पत्र मी त्या बाईला लिहिते आहे. शनिवारची नोटीस जिनं लिहिली तिनं ते नाही वाचलं तरी चालेल.

तुझी जीभ पहिल्यापासून अशीच. माझीही काही मधात बुडवलेली नाही, पण तुझा पहिला वार आधीचा आहे. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये आपण सहावीत होतो. तू वाईची, तुझं घर तासाभरावर. मी पोलादपूरहून एसटीनं घाट चढून, तीनदा ओकून पोचलेली. आईनं माझ्या ट्रंकेत सुक्या कोलंबीची, सोड्यांची, पुरचुंडी दडवून दिली होती. सगळ्या डॉर्मिटरीसमोर तू म्हणालीस, "ही घाटाखालची मुलगी माझ्या शेजारी नको, हिच्या ट्रंकेला घाण येते." सिस्टर बर्नाडेटचा नियम होता, जे जितक्या जणींसमोर बोललात ते तितक्या जणींसमोरच मागे घ्यायचं. कोपऱ्यात नेऊन कानात माफी मागितलेली तिला चालत नसे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी तू स्टुलावर उभी राहून, लाल कान करून म्हणालीस, "विनोदिनीच्या ट्रंकेला घाण येत नाही." खरं तर येत होती. सोड्यांना येतेच. त्याच दुपारी तू माझ्याजवळ येऊन विचारलंस, "एक देतेस का खाऊन बघायला?" तेव्हापासून आपण मैत्रिणी. पुढे तुझ्या नशिबानं तुला लग्न करून घाटाखालीच आणलं, आणि आता महाडच्या बाजारात सोडे पारखून घेताना तुझ्याइतकी कटकट कोणी करत नाही. सई आणि रुचिरचं जमलं तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, मुलगी परक्या घरात जात नाही. हे वाटणं मी आता माझ्या मूर्खपणाच्या यादीत घातलं आहे.

पण त्या यादीत आणखी एक बाब आहे, तीही आजच लिहून टाकते. डोहाळजेवण. आधी तू केलंस, चांदण्यातलं. भर श्रावणात गच्चीवर ताडपत्री बांधून, तिच्याखाली बल्बचा चंद्र आणि चमकीच्या चांदण्या. सगळ्या महाडात त्याचीच चर्चा. मी घरी येऊन श्रीधरला म्हटलं, आपलं नावेतलं. नावेतलं म्हणजे लोक काय करतात, पुठ्ठ्याची नाव करून जमिनीवर ठेवतात, निळी साडी अंथरतात आणि तिला नदी म्हणायचं. मला तसली नदी नको होती. मागच्या पडवीत सासऱ्यांनी बांधलेला सिमेंटचा हौद आहे, नळाला एक दिवसाआड पाणी येत असे त्या काळातला. तो मी कामवाल्या काशीबाईकडून घासून घेतला आणि गळतो का बघायला आठ दिवस आधीच काठोकाठ भरून ठेवला. श्रीधर जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत होता. त्यानं फळ्यांची नाव केली, पुढे हंसाची मान. एवढंच म्हणाला, "विनू, नाव जमिनीवरही चालते." मी त्याला गप्प केलं. सई हिरव्या साडीत, फुलांच्या वाड्या लेवून नावेत बसली, भोवती कमळं तरंगत होती, आणि तू दारातच उभी राहून हंसाच्या मानेपासून कमळांपर्यंत सगळं बघून घेतलंस. मग म्हणालीस, "हौस कर, विनू, पण जरा बेतानं." मला ते वाक्य आवडलं. तुझ्या डोळ्यांत हेवा होता, आणि खरं सांगायचं तर त्या हौदातलं सगळं पाणी मी त्याच्यासाठीच भरलं होतं.

आता बारसं. ते तू विसरली नसशील. नीला धडधाकट जन्मली, देवाची कृपा. बाराव्या दिवशी माझ्याकडे चाळीस बायका, निम्म्या महाडहून आलेल्या. पाळण्यात घालताना 'कुणी गोविंद घ्या' म्हणत सईनं मुलीला उचलायला हात पुढे केले आणि ते उचललेच गेले नाहीत. मनगटातून सुटले. तू पुढे होऊन मुलीला धरलंस. आणि जे माझ्या मनात होतं ते तोंडातून गेलं: "इरा, तुझ्या मोरीतल्या पिंपानं माझ्या लेकीचे हात खाल्ले." निळं पिंप, औद्योगिक वसाहतीतून आणलेलं, महाडात घरोघरी असतं तसलं. त्यातल्या साठवलेल्या पाण्यातल्या डासांनीच सईला दुखणं दिलं, असं मला म्हणायचं होतं. पाळण्याची दोरी हातात घेऊन सगळ्या बायका तुझ्याकडे बघत राहिल्या. 'गोपाळ घ्या' म्हणून मुलगी पलीकडे दिलीस, मुलीच्या कानात नाव सांगून होईपर्यंत थांबलीस आणि घुगऱ्या न घेता गेलीस. नंतर ऐकलं की रुचिरनं ते पिंप उचलून भंगारवाल्याला दिलं आणि कापडवाल्याच्या बायकोनं तुझ्याकडे पाणी प्यायचं सोडलं. त्या वेळी मला वाटलं, बरी जिरली. हो, तसंच वाटलं.

पुढचे महिने सई तुझ्याकडे होती आणि तू तिच्या आजाराचं नाव बदललंस. आधी 'अशक्तपणा', मग 'सवय', मग 'आळस'. दिवाळीत तू तिच्या हातात चकलीचा सोऱ्या दिलास. शेजारणी बसलेल्या, कढईत तेल तापलेलं. तिनं दोनदा दांडा फिरवून पाहिला, तिसऱ्यांदा सोऱ्या निसटून फरशीवर पडला आणि पीठ पसरलं. तू म्हणालीस, "नाटकं पुरे, सई. बोटं वाकत नाहीत म्हणे, मोबाईलची बटणं बरी दाबता येतात." रुचिर पहिली पाळी संपवून नुकताच दारात आला होता. दिवसभर हा मुलगा वसाहतीतल्या कारखान्यात दुखण्यावरच्या गोळ्यांची पावडर तयार करतो, आणि घरी येऊन त्यानं हे ऐकावं! भाऊबीज झाल्यावर तो रिक्षा करून तिला आणि नीलाला इकडे सोडून गेला. दर रविवारी मोटरसायकलवर येतो, सईच्या हातांना तेल लावतो आणि संध्याकाळी निघताना हेल्मेट घालायला उगाच वेळ लावतो. त्यानं वेगळा विचार करावा असं तुला वाटतं. त्याला एकदा विचारून बघायचं होतंस. त्या दोघांना एकत्र राहायचं आहे, इरा, महाडला, तुझ्याच घरात. मध्ये उभ्या आहोत त्या आपण दोघी.

जानेवारीत मी सईला पुण्याला घेऊन गेले, सांध्यांच्या डॉक्टर असलेल्या एका बाईंकडे. तरुण बाई, पण कागद नीट वाचणारी. तिनं सगळं तपासलं आणि म्हणाली, हे खरं दुखणं आहे. विषाणू जातो, पण काही जणांच्या सांध्यांत सूज मागे राहते, महिने, कधी वर्षं. यांना तर गरोदरपणात औषधही घेता आलं नाही आणि बाळंतपणानं अंगात काही उरलं नाही. हळूहळू बऱ्या होतील, पण ढकलून होणार नाहीत. मला आनंदानं रडू यायचं बाकी होतं. तो कागद तुझ्या तोंडावर फेकायचा हे मी खुर्चीत बसल्या बसल्या ठरवलं. तेवढ्यात ती लिहिता लिहिता सहज म्हणाली, "ताप आला त्याच्या आधीच्या आठवड्यात कुठे होतात?" सई म्हणाली, "पोलादपूरला, आईकडे." ती म्हणाली, "म्हणजे डास तिकडेच चावला. चावल्यावर ताप यायला तीन ते सात दिवस जातात." सई तुझ्या घरी पोचून दोन दिवस झाले होते. सईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. परत येताना अख्खा वरंधा घाट ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. झोपली नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तुला आता पुढचं कळलं असेल, पण मला ते लिहायलाच हवं. डोहाळजेवण झालं, कमळं कुजली, ती मी काढून टाकली. पाणी ठेवलं. सईचे पाय सुजत, ती दुपारी नावेच्या फळीवर बसून पाय हौदात सोडायची आणि बरं वाटतं म्हणायची. आरोग्य केंद्राचा सदू घरोघर पाणी तपासत आला, हातात बॅटरी आणि वही. हौदात वाकून म्हणाला, "बाई, हौद मोकळा करा. अळ्या हायत." मी म्हटलं, "माझ्या हौदात? अरे, हे पाणी तुझ्या साहेबाच्या चहाला चालेल." तो म्हणाला, "साफच पानी लागतंय ह्यांना, बाई. गटारात नाय होत हे डास." मी हसले. अव्वल कारकून होते मी, सदूसारखे चार शिपाई माझ्या टेबलासमोर उभे असत. त्यानं दारावर खडूनं तारीख आणि फुली मारली, ती मी त्याच्या देखत ओल्या फडक्यानं पुसली. त्याच आठवड्यात, झेंडावंदनाच्या दिवशी काशीबाईला ताप आला. चार दिवसांनी भिंतीला धरून कामाला आली. "पाय उचलत नाय, बाई. हाडांत कोन बसलाय जनू." मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "काशीबाई, दोन दिवसांच्या तापाला इतकं लंगडायचं नसतं. नाटकं पुरे." शब्द ओळखीचा वाटतो ना? मग ती हौदाच्या या काठाला भांडी घासत बसली, पलीकडे सई पाण्यात पाय सोडून, दोघी दुपारभर गप्पा मारत. तो डास दिवसाचा चावतो आणि माणसाकडून माणसाकडे दुखणं नेतो, हे पुण्याच्या बाईंनी मला चित्र काढून समजावलं. घरी आल्यावर मी काशीबाईला विचारलं, अजून दुखतं का गं. तिनं मुठीत धरलेला पिळा तसाच बादलीत सोडला आणि म्हणाली, "आता इचारताय व्हय, बाई?" दीड वर्ष ती माझ्या घरचे कपडे पिळते आहे. सदूलाही जाऊन सांगितलं. तो बापडा एवढंच म्हणाला, "मंग आता मोकळा हाय ना हौद?" मोकळा आहे. श्रीधरनं त्यात माती भरून अळू लावलं आहे.

म्हणजे जानेवारीपासून मला ठाऊक आहे, आणि मी गप्प बसले. तू सईला खोटी म्हणत होतीस म्हणून तुला खरं सांगायला माझी जीभ रेटेना. शनिवारी तुझं पत्र आलं आणि काल सई माझ्यासमोर बसून म्हणाली, "आई, इरामावशी वाईट नाही. माझं दुखणं खरं मानलं तर तिचं पिंप खरं मानावं लागतं. म्हणून ती मानत नाही. तू तिला सांग, मगच मी जाते." चौतीस वर्षं कागद चाळले, पण इतका सरळ खुलासा कोणी माझ्यापुढे ठेवला नव्हता. त्यासाठी हे पत्र. ऐक. पिंप तुझं नव्हतं, हौद माझा होता. तुझ्या घरात तिला काही झालं नाही, झालं ते माझ्या हौसेनं आणि माझ्या तोंडानं. माझी चूक निघाली म्हणून तू बरोबर ठरत नाहीस, तो सोऱ्या मी विसरणार नाही. पण पाडव्यानंतर तुझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं, बारशाला आलेल्या महाडच्या बायका तिथे असतील, कापडवाल्याची बायकोही. पोलादपूरच्या ज्या होत्या त्यांना मी एसटीत घालून बरोबर आणते. मला एक स्टूल दे. चाळीस जणींसमोर बोलले ते चाळीस जणींसमोर मागे घेईन, आणि मग तुझ्या मोरीतलं पाणी मागून पिईन. बोलावणं पाठव, नाही पाठवलंस तरी मी येणारच आहे. सई पाडव्याला येईल, धडधाकट नाही, आहे तशी. सकाळी सातला तिला स्वयंपाकघरातून हाक मारू नकोस. तिच्या खोलीत जा, काही न बोलता तिचं मनगट हातात घे. गरम लागेल. आता ते गरम आहे असं म्हणायला तुला काही गमवावं लागणार नाही.

अजूनही तुझ्यावर चिडलेली आणि तरी तुझीच,
विनू